छायाचित्राची चौकट व बिंदुसंख्या

शाळेचे जुने जनरल रजिस्टर म्हणजे केवळ दप्तरातील एक वही नव्हे. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात आजोबांच्या नावापुढील जमातीची नोंद नातवाच्या जात पडताळणीस आधार होते. कागद जीर्ण होतो, शाई फिकी पडते. म्हणून अशा पानांची छायाचित्रे मोबाइलवर घेऊन ठेवणे इष्ट होय. छायाचित्र मूळ रजिस्टराची जागा घेऊ शकत नाही. परंतु ज्यातील अक्षर लागत नाही ते छायाचित्र जपून तरी काय उपयोग? यास्तव शिक्षकांनी कॅमेऱ्यातील दोन सेटिंगे समजून घ्यावीत.

१. चौकटीचे प्रमाण : चित्राची लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर म्हणजे चौकटीचे प्रमाण. बहुतेक मोबाइलमध्ये प्रकाश टिपणारा सेन्सर ४:३ या प्रमाणाचा असतो. १६:९ निवडल्याने सेन्सर रुंद होत नाही; चित्राच्या वरची व खालची पट्टी तेवढी गाळली जाते. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ.

४:३ – ४००० × ३००० = १ कोटी २० लाख बिंदू
१६:९ – ४००० × २२५० = ९० लाख बिंदू
१:१ – ३००० × ३००० = ९० लाख बिंदू

म्हणजे शेवटच्या दोन्ही प्रकारांत चौथा हिस्सा वाया जातो. उघडलेल्या रजिस्टराचा आकारही ४:३ च्या जवळचा असतो; म्हणून दप्तरासाठी हेच प्रमाण योग्य. तोरणमाळच्या यशवंत तलावाचे रुंद दृश्य हवे असल्यास चित्र ४:३ मध्ये घेऊन नंतर कातरता येते. परंतु घेतानाच गाळलेला भाग मागाहून मिळवता येत नाही.

२. बिंदुसंख्या : उघडलेले रजिस्टर ४० सेंटीमीटर रुंद आहे व ते चौकटीत बरोबर बसले आहे असे समजू. ४००० बिंदूंच्या चित्रात दर सेंटीमीटरला १०० बिंदू येतात. ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरास ३० बिंदू मिळतात. तेच चित्र १६०० बिंदूंवर आणले तर त्या अक्षराच्या वाट्यास केवळ १२ येतात. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वारास पाचाऐवजी दोनच बिंदू उरतात. 'व' आणि 'ब' यांतील भेद एका रेघेचा आहे. ती रेघ पुसट झाली की आडनाव बदलते.

याचा अर्थ सर्वांत मोठा आकडाच निवडावा असा नव्हे. ५० मेगापिक्सेलचे अनेक कॅमेरे नेहमीच्या वापरात चार-चार बिंदू एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचे चित्र देतात, आणि मंद उजेडात तेच अधिक स्वच्छ येते. पूर्ण ५० मेगापिक्सेलचे चित्र मोबाइलमधील जागा पुष्कळ अडवते. सहलीच्या वा शालेय समारंभाच्या ६ × ४ इंची छापील प्रतीस, इंचाला ३०० बिंदू धरले तरी, १८०० × १२०० बिंदू पुरतात.

३. चित्र पाठवणे : व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या छायाचित्रातील बिंदू कमी होतात. दप्तराचे पान 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे; मूळ चित्र तसेच पोहोचते. अक्राणीच्या डोंगराळ भागात जेथे नेटवर्क क्षीण असेल, तेथे चित्र लहान करून पाठवण्यापेक्षा मूळ चित्र जपून ठेवावे व नेटवर्क मिळताच पाठवावे. रजिस्टरात मुलांच्या जन्मतारखा व जातींच्या नोंदी असतात. अशी चित्रे मुख्याध्यापकांच्या अनुमतीनेच घ्यावीत आणि कोणत्याही समूहावर टाकू नयेत.

स्वाध्याय : आलेखाच्या कागदावर १६ × १२ चौकोनांचा आयत काढावा. त्यातच १६ × ९ चा आयत आखून उरलेले चौकोन मोजावेत. नंतर एकाच पानाची दोन्ही प्रमाणांत, संपूर्ण पान चौकटीत मावेल अशी छायाचित्रे घ्यावीत. ती पडद्यावर मोठी करून सर्वांत बारीक नोंद कोणत्या चित्रात सहज वाचता येते ते पाहावे. नोंद वाचता येत नसेल, तर रजिस्टर मिटण्यापूर्वीच छायाचित्र पुन्हा घ्यावे.