वेगळी चूल : ब्रिटनच्या युरोपत्यागाचा वाद

दोन देशांनी परस्परांच्या मालावरील जकात रद्द केली की त्यांच्यात मुक्त व्यापार क्षेत्र निर्माण होते. त्याच देशांनी बाहेरच्या जगातून येणाऱ्या मालावर एकच समान जकात आकारण्याचे ठरविले की तो जकात संघ होतो. मग संघातील कोणत्याही बंदरात उतरलेला माल पुढे कोठेही विनासायास जाऊ शकतो. याच्याही वरची पायरी एकसंध बाजारपेठेची. तेथे केवळ जकातच नव्हे, तर मालाची प्रमाणके, परवाने आणि तपासणीचे नियमही एक होतात. माल, सेवा, भांडवल आणि माणसे या चौघांनाही सीमा ओलांडण्याची मोकळीक मिळते. पायरी जितकी वरची तितका व्यापार सुलभ, आणि स्वतःचे नियम स्वतः ठरविण्याचा अधिकार तितकाच आकुंचित. व्यापारसंघांविषयीचे बहुतेक वाद या एका देवघेवीतून उद्भवतात.

ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्यानंतरचा वाद इतकी वर्षे का धुमसत राहिला, हे समजून घेताना या तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. कारण मतपत्रिकेवर त्यांपैकी एकीचाही उल्लेख नव्हता. तेथे दोनच पर्याय होते : सदस्य राहावे, अथवा बाहेर पडावे.

पहिला कौल

ब्रिटनचे युरोपशी असलेले नाते आरंभापासूनच संकोचाचे होते. १९५७ च्या रोम कराराने सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय जन्माला आला, तेव्हा ब्रिटन दूर राहिले. पुढे त्याने आत येण्याची इच्छा दर्शविली, तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असा दोनदा नकार दिला. अखेर एडवर्ड हीथ पंतप्रधान असताना, १ जानेवारी १९७३ रोजी, ब्रिटनचा प्रवेश झाला. पुढील पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ५ जून १९७५ रोजी सदस्यत्वाचा प्रश्न सार्वमतास टाकला आणि सुमारे ६७ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला.

त्या वेळच्या बाजू आज पाहिल्या तर मौज वाटते. समुदायाला कडवा विरोध होता तो मजूर पक्षातील डाव्या गटाचा आणि अनेक कामगार संघटनांचा. राहण्याचा प्रचार करणाऱ्यांत हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर अग्रभागी होत्या. सदस्य राष्ट्रांचे ध्वज विणलेला स्वेटर घातलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. वादाचा एक मोठा विषय स्वयंपाकघरातला होता. न्यूझीलंडहून येणारे स्वस्त लोणी आणि मांस समुदायाच्या कृषिधोरणामुळे महाग होणार, ही गृहिणींची धास्ती होती, आणि ती अनाठायी नव्हती.

एकसंध बाजारपेठेची कल्पना १९८० च्या दशकात मार्गी लागली, त्यात थॅचर सरकारचा वाटा मोठा होता. मात्र बाजारपेठेसोबत समान चलन आणि समान कायदे यांचाही आग्रह वाढू लागला, तसा हुजूर पक्ष आतून दुभंगत गेला. पुढे २००४ मध्ये पोलंडसह पूर्व युरोपातील देश महासंघात आले. तेथून येणाऱ्या कामगारांची निव्वळ संख्या वर्षाला ५ ते १३ हजार राहील, असा एक अंदाज सरकारच्या हाती होता. प्रत्यक्ष संख्या त्याच्या कितीतरी पट झाली. अंदाज आणि अनुभव यांतील या तफावतीने तज्ज्ञांवरचा विश्वास जितका घटविला, तितका अन्य कशानेही घटविला नसेल.

दोन वह्या

२०१६ च्या प्रचारात दोन्ही पक्ष हिशेब मांडत होते. पण त्यांच्या वह्या वेगळ्या होत्या. राहू इच्छिणाऱ्यांची वही जमाखर्चाची होती. ब्रिटनच्या निर्यातीपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात महासंघातील देशांना होत असे. बाहेर पडल्यास २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांची हानी होईल, असे ब्रिटिश अर्थखात्याने सांगितले. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांची वही मुख्यतः अधिकाराची होती : कायदे कोणी करावेत, न्यायनिवाडा कोणी करावा, देशात कोणी यावे. तरीही त्यांनाही एक आकडा हवासा वाटला. ब्रिटन महासंघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठविते, असे त्यांनी लाल बसवर रंगविले. १९८४ मध्ये थॅचर यांनी मिळविलेली सूट त्यात वजा केलेली नव्हती आणि परत येणारी अनुदानेही नव्हती. सांख्यिकी प्राधिकरणाने या आकड्याला दिशाभूल करणारा ठरविले. पण त्याच्या खंडनामुळेच तो आकडा घरोघरी पोहोचला. दुसऱ्या बाजूनेही अतिशयोक्ती केलीच. कौल विरुद्ध जाताच मंदी येईल, असे अर्थखात्याने बजावले होते. तशी तात्काळ मंदी आली नाही.

एका वहीतील रकमेने दुसऱ्या वहीतील खाते चुकते होत नाही, याचे ठळक उदाहरण म्हणजे ग्रिम्स्बी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हे एकेकाळचे भरभराटीचे मासेमारी बंदर. त्या परिसरातील सुमारे ७० टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. युरोपीय मत्स्यधोरणाने आपला समुद्र परक्यांना वाटून दिला, अशी तेथील भावना होती. वस्तुतः ग्रिम्स्बीच्या दूरसागरी ताफ्याला सर्वांत मोठा तडाखा बसला तो आइसलँडने १९७० च्या दशकात आपली सागरी हद्द २०० मैलांपर्यंत वाढविली तेव्हा; आणि आइसलँड तर समुदायाचा सदस्यही नव्हता. उलट, आता ग्रिम्स्बीत जो मत्स्यप्रक्रिया उद्योग टिकून आहे, तो बव्हंशी आयात माशांवर चालतो. ब्रिटनच्या एकूण उत्पन्नात मासेमारीचा वाटा एक टक्क्याचा जेमतेम दहावा भाग. तथापि ज्या गावाच्या धक्क्यावरील नौका एका पिढीत नाहीशा झाल्या, त्या गावाला राष्ट्रीय उत्पन्नाचे कोष्टक दाखवून काय साधणार? तेथील मतदारांना अडाणी म्हणणाऱ्या लंडनच्या विश्लेषकांनी हा प्रश्न स्वतःला फारसा विचारला नाही.

सुंदरलँडचे उदाहरण याच्या उलट्या टोकाचे. तेथे निस्सान कंपनीचा मोटार कारखाना १९८६ पासून हजारो कुटुंबांचा आधार आहे, आणि त्याचा बराचसा माल महासंघात जातो. तरीही ६१ टक्के मते बाहेर पडण्यासाठी पडली. मतमोजणीच्या रात्री सुंदरलँडचा निकाल आरंभीच जाहीर झाला आणि पौंड कोसळू लागला. पहाटेपर्यंत तो डॉलरच्या तुलनेत १९८५ नंतरच्या नीचांकावर आला. शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड दुसऱ्या दिवशी नव्वदीच्या घरात आणि ऑक्टोबरमध्ये ऐंशीच्या घरात आला. ब्रिटनमध्ये मुलांचे शुल्क भरणाऱ्या भारतीय पालकांना तो काळ सुखाचा गेला, तर पौंडांत वसुली असलेल्या निर्यातदारांना चिंतेचा.

अंतिम निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा लागला. इंग्लंड आणि वेल्स यांनी बाहेर पडण्याचा, तर स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला.

बाहेर, पण कोठे?

खरी अडचण यानंतर सुरू झाली. बाहेर पडणे म्हणजे नॉर्वेप्रमाणे महासंघाबाहेर राहूनही एकसंध बाजारपेठेत असणे, तुर्कस्तानप्रमाणे जकात संघापुरते संबंध ठेवणे, कॅनडाप्रमाणे केवळ मुक्त व्यापाराचा करार करणे, की कोणताही करार न करता जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांवर विसंबणे? या चारही वाटा 'बाहेर' या एकाच शब्दात सामावत होत्या, आणि प्रत्येक वाटेचे प्रवासी तोच जनादेश आपला म्हणून सांगत होते.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी २९ मार्च २०१७ रोजी माघारीची अधिकृत सूचना दिली. त्यांनी केलेला करार जानेवारी २०१९ मध्ये कॉमन्स सभागृहाने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला; राहू इच्छिणाऱ्यांना तो फार तोडणारा, तर कडव्या विरोधकांना फार जोडणारा वाटला. २७ मार्च रोजी सभागृहाने स्वतःच पुढाकार घेऊन आठ पर्यायांवर मतदान घेतले. आठही पडले. त्यांतील जकात संघाचा प्रस्ताव २६५ विरुद्ध २७१ असा पडला आणि १ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत अवघ्या तीन मतांनी. काय नको, यावर बहुमत होते. काय हवे, यावर नव्हते.

आयर्लंडच्या प्रश्नाने या कोंडीला धार आणली. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातील सुमारे ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर जणू अदृश्य झाली होती. ब्रिटन जकात संघ आणि एकसंध बाजारपेठ या दोहोंतून बाहेर पडले, तर मालाची तपासणी कोठेतरी व्हायलाच हवी. ती भूसीमेवर केली तर शांततेला धोका; समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्या दोन भागांच्या मध्ये केली तर देशाच्या एकतेला बाधा. बोरिस जॉन्सन यांनी अखेर दुसरा मार्ग पत्करला. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत त्यांना ८० जागांचे बहुमत मिळाले, ते मुख्यतः रेंगाळलेल्या वादाला कंटाळलेल्या मतदारांमुळे. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. उत्तर आयर्लंडची व्यवस्था मात्र २०२३ च्या विंडसर आराखड्याने पुन्हा दुरुस्त करावी लागली.

नव्या व्यवस्थेचे व्यवहार

संक्रमणकाळ संपण्यास आठवडा उरला असताना, २४ डिसेंबर २०२० रोजी, व्यापार करार झाला. त्यात जकात शून्य आणि मालाच्या प्रमाणावर मर्यादा नाही. वरवर पाहता पूर्वीसारखेच. परंतु शून्य जकातीचा लाभ 'ब्रिटनमध्ये तयार झालेल्या' मालालाच मिळतो आणि ते सिद्ध करण्याचे उत्तरदायित्व निर्यातदारावर असते. एका मोठ्या ब्रिटिश दुकानसाखळीला याचा प्रत्यय लगेच आला. जर्मनीत बनलेली मिठाई ब्रिटनच्या गोदामात आणून तेथून आयर्लंडला पाठवावयाची, तर तिच्यावर जकात लागू होऊ लागली. हाच नियम भारतीय मालालाही आहे. तिरुप्पूरचा सदरा ब्रिटनमध्ये उतरवून तेथून युरोपात वितरित केल्यास दोन ठिकाणी जकातीचा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनला युरोपचे प्रवेशद्वार मानून कार्यालये थाटणाऱ्या अनेकांना म्हणूनच गोदामांची फेरमांडणी करावी लागली.

बँकिंग क्षेत्रात बदल अधिक मूलभूत होता. महासंघातील एका देशाचा परवाना असलेली बँक अन्य सर्व सदस्य देशांत वेगळ्या परवान्याविना व्यवहार करू शकते. लंडनने हा अधिकार गमावला. डब्लिन, फ्रँकफर्ट, पॅरिस येथे नव्या उपकंपन्या उघडल्या गेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय समभागांच्या उलाढालीत अ‍ॅमस्टरडॅमने लंडनला मागे टाकले. लंडन ओस पडेल हे भाकीत मात्र खरे ठरले नाही.

ज्या मासेमारांच्या नावे इतका प्रचार झाला, त्यांना नव्या वर्षाच्या पहिल्याच पंधरवड्यात आरोग्य-दाखल्यांच्या कागदपत्रांनी गाठले. ताजा माल सीमेवर अडकू लागला तेव्हा कोळंबी-कालवांच्या निर्यातदारांनी आपले ट्रक लंडनमध्ये पंतप्रधान निवासाच्या परिसरात आणून निषेध नोंदविला. लोकांच्या येण्याजाण्याचा हिशेबही अपेक्षेविरुद्ध गेला. युरोपीयांची मुक्त ये-जा थांबली. पण गुणांवर आधारित नव्या प्रवेशपद्धतीमुळे भारत, नायजेरिया आदी देशांतून येणारे वाढले आणि २०२३ च्या जूनपर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांहून अधिक झाले. त्यानंतर नियम कडक झाले आणि ते घटले.

बाहेर पडण्याने देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे चार टक्क्यांनी कमी राहील, असा ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे. बाहेर पडण्याचे समर्थक त्याला स्वतंत्र व्यापारधोरणाचे उत्तर देतात. २४ जुलै २०२५ रोजी भारताशी झालेला सर्वंकष करार हा त्यांचा आवडता दाखला. महासंघात असते तर ब्रिटनला तो स्वतःहून करता आला नसता, हे खरेच आहे. त्याच वर्षाच्या मे महिन्यात पंतप्रधान किअर स्टार्मर यांच्या सरकारने महासंघाशी समझोता करून अन्नपदार्थांवरील तपासण्या कमी करण्याचे ठरविले आणि युरोपीय नौकांना ब्रिटिश समुद्रात २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा दिली. ग्रिम्स्बीसारख्या बंदरांत जपलेली जुनी तक्रार त्यामुळे पुन्हा वर आली. आणि संसदेत दोन्ही बाजूंनी आपापल्या वह्या पुन्हा उघडल्या.