पुस्तकांच्या कपाटाला चिठ्ठ्या लावण्याआधी

पोरी, मेडशीच्या पोरांसाठी पुस्तकांचं कपाट लावायला घेतलंस, फार चांगलं केलंस. शिशुगट, बालगट, कुमारगट अशा चिठ्ठ्या चिकटवण्याआधी तुझ्या या म्हाताऱ्या मामाचं थोडं ऐक. उभा जन्म शाळेत गेला, म्हणून सांगतो.

गोष्टीतलं पोरगं केवढं आहे, यावरून गट ठरवू नकोस. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन शाळकरीच आहे, पण त्याच्या मनात जे चाललेलं असतं ते उमजायला वाचणारा मोठा लागतो. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई'ही तशीच. मोठा झालेला श्याम ती आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो. तिसरीतल्या पोराच्या हाती ती नुसती देऊ नकोस, रोज एक 'रात्र', म्हणजे एक प्रकरण, वाचून दाखव. पुस्तक चाळताना एवढंच बघायचं: सांगणारा पोराच्या डोळ्यांनी बघतोय, की मोठेपणी मागे वळून बघतोय? मागे वळून बघणारं पुस्तक वरच्या कप्प्यात.

पोरांना आपल्याहून दोन वर्षं मोठा नायक आवडतो, लहान नाही. म्हणून पाचवीतल्या पोट्ट्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दे. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या शाळेत शिकतो, सायकल दामटतो, चोरांच्या मागे लागतो. या वयाच्या गोष्टीत संकट बाहेरून येतं आणि निस्तरलं जातं. कुमारवयात तेच आत शिरतं. मी कोण, मला कोण आवडतं, बाप म्हणतो ते खरंच का? हे प्रश्न ज्या पुस्तकात आहेत ते कुमारगटाचं, मग पानं कितीही कमी असोत.

शिशुगटाची फार चिंता नको. माधुरी पुरंदरेंच्या 'राधाचं घर'सारखी पुस्तकं मांडीवर घेऊन वाचायची, चित्रांवर बोट ठेवू द्यायचं, झालं.

खरी अडचण येते ती वय आणि वाचन यांचा मेळ बसत नाही तेव्हा. आपल्याकडे सातवीतली कितीतरी पोरं अक्षर लावत वाचतात. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर 1 ते 4 असे स्तर छापलेले असतात, ते वाचता येण्याचे आहेत, वयाचे नव्हेत. अशा पोराला बाजूला बसव, मधलं एक पान मोठ्यानं वाचू दे. पाचाहून जास्त शब्दांना अडखळलं तर पुस्तक बदल. मात्र चारचौघांत त्याच्या हाती ससा-कासवाचं पुस्तक ठेवू नकोस, ते पोरगं पुन्हा कपाटाकडे फिरकणार नाही. सोपी भाषा, पण विषय त्याच्या वयाचा: शिकार, शोध, प्राणी, खऱ्या माणसांच्या हकिकती. आणि पुण्या-मुंबईकडचा शब्द अडला तर आपल्या वऱ्हाडीत सांग, चूक म्हणून टोकू नकोस.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. बालभारतीचं 'किशोर' 1971पासून निघतं, धाकट्यांची सोय बरी आहे. पण नववी-दहावीच्या पोरांसाठी मराठीत फार थोडं लिहिलं गेलं. अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतलं. आपल्या वयाच्या पोरांचं खरं जगणं तिला पुस्तकांत सापडत नव्हतं. तिचं पुस्तक 1967 साली आलं, आणि तिकडे या वयाचं वेगळं कपाट उभं राहायला त्याचा मोठा हातभार लागला. आपल्याकडे मिलिंद बोकिलांची 'शाळा' आहे, 2004ची. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याचे मित्र, त्याला आवडणारी मुलगी. कुणी म्हणेल, प्रेमाबिमाचं पुस्तक पोरींना कशाला? ऐकू नकोस. ज्या वयात हे मनात येतं, त्याच वयात त्यावर नीट लिहिलेलं वाचायला मिळालं पाहिजे, आणि पोरींना तर आधी.

अकोल्याला खरेदीला जाशील तेव्हा पहिले पैसे याच कप्प्यावर घाल. 'शाळा'च्या दोन प्रती आण, एक कायम कुणाच्या तरी घरीच असेल.