जोडधंद्याचं अनुदान : वेल्समधला नियम

शेतावर खोल्या बांधून पर्यटक ठेवावेत का, असं काहीजण गटसभेत विचारतात. त्यांनी ब्रिटनमधल्या वेल्सचा प्रकार ऐकावा.

करोनात, २०२० साली, तिथल्या सरकारनं लहान धंद्यांना १०,००० पौंड अनुदान जाहीर केलं. धंदा म्हणून नोंदलेली सुट्टीची घरंही त्यात बसली. मग काय, सधन लोकांची दुसरी घरंसुद्धा रांगेत! एप्रिलमध्ये नियम आवळले : दोन वर्षांचे हिशेब दाखवा, २०१९-२० मध्ये किमान १४० दिवस घर भाड्यानं गेलेलं असावं, आणि मालकाचं निदान निम्मं उत्पन्न त्यातूनच असावं.

मेख इथंच होती. ज्याचं पोट मुख्यतः शेतीवर, खोल्या नुसता जोडधंदा, तो खरा गरजू असूनही या चाळणीत अडकत होता.

खोली काढणाऱ्यानं पहिल्या मुक्कामापासून वही आणि तारखेची पावती ठेवावी.