लोह : एका मूलद्रव्याची दोन रूपे

नांगराच्या फाळापासून रेल्वेच्या रुळापर्यंत मानवी जीवन लोखंडाने व्यापलेले आहे. भूकवचात वजनाने सुमारे ५ टक्के असलेले हे मूलद्रव्य विपुलतेत ऑक्सिजन, सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या खालोखाल चौथे होय. त्याचा अणुक्रमांक २६, अणुभार सुमारे ५५.८५ आणि वितळबिंदू १५३८ अंश सेल्सिअस आहे. पाण्याच्या जवळजवळ आठपट जड असलेला हा धातू चुंबकाकडे ओढला जातो. मात्र ७७० अंशांच्या वर तापविल्यास हा गुण लोपतो.

व्यवहारात याहूनही महत्त्वाचा असा लोहाचा एक गुण आहे. संयोग पावताना त्याचा अणू बहुधा दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे त्याची फेरस व फेरिक अशी दोन रूपे होतात. फेरस रूप पाण्यात सहज विरघळते. फेरिक रूप साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हवेतील ऑक्सिजन पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करतो.

काही विंधन विहिरींचे पाणी उपसताना नितळ दिसते, पण हंड्यात थोडा वेळ राहिल्यावर तांबूस होते, त्याचे कारण हेच. जमिनीखाली विरघळलेले फेरस लोह हवा लागताच फेरिक होऊन गाळाच्या रूपाने वेगळे होते. म्हणूनच अशा पाण्यात प्रथम हवा खेळवून नंतर ते वाळूच्या थरातून गाळले जाते. लोखंडावर चढणारा गंज हादेखील पाणी व ऑक्सिजन यांच्या संयुक्त क्रियेचा परिणाम होय. रंग किंवा जस्ताचा मुलामा दिल्याने लोखंडाचा या दोहोंशी संपर्क टळतो.

प्रौढ माणसाच्या शरीरात अवघे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये असून तेथे ते फेरस रूपात असले, तरच ऑक्सिजन वाहून नेऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण आहे. डाळी, पालेभाज्या व हळीव यांतील लोह बव्हंशी फेरिक रूपात असल्याने ते शरीरात कमी शोषले जाते. लिंबू व आवळा यांतील क जीवनसत्त्व त्याचे फेरस रूपात परिवर्तन करते. उलट चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार १० ते १९ वयोगटातील मुलामुलींना दर आठवड्यास ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली जाते. तिचा पुरेसा लाभ व्हावा, यासाठी गोळी घेताना व जेवताना चहा टाळावा आणि जेवणात लिंबाची फोड असावी. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ही गोष्ट घरोघर समजावून दिल्यास गोळ्यांच्या वाटपाइतकेच मोलाचे कार्य होईल.