फायटर माशाची काचपेटी : तळाची वाळू व सजावट यांची निवड

शेतीस जोड देणाऱ्या धंद्यांचा विचार करताना कोंबड्या, मधमाश्या, रेशीम व शेततळ्यातील मासे ही नावे प्रथम पुढे येतात. खाण्याच्या माशांप्रमाणे घराची शोभा वाढविणारे मासेही वाढवून विकता येतात, ही गोष्ट मात्र अजून पुष्कळांच्या ध्यानी आलेली नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचाही समावेश करण्यात आला. या धंद्यास जागा थोडी लागते व पाणीही थोडेच लागते. परंतु पाणी थोडे असल्यामुळेच त्यात पडलेल्या प्रत्येक वस्तूचा परिणाम माशावर लवकर दिसतो. विहिरीत चिमूटभर विष विरून जाईल, पंधरा लिटर पाण्यात ते विरत नाही. यास्तव टाकीच्या तळाशी काय घालावे व शोभेसाठी काय ठेवावे, हा या धंद्यातील मूळचा प्रश्न होय.

हा प्रश्न शिरोलीच्या परिसरात अधिकच महत्त्वाचा आहे. पंचगंगेचा पूल ओलांडून महामार्गाने पुण्याच्या दिशेस निघाले की हातकणंगले तालुक्यातील पुलाची शिरोली लागते, आणि तेथेच शिरोली एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत आहे. लोखंडाच्या ओतकामाबद्दल कोल्हापूरची जी ख्याती आहे, तीत या वसाहतीतील फौंड्र्यांचा मोठा वाटा आहे. आसपासच्या गावांतील पुष्कळ घरांतून एक माणूस शेतावर तर दुसरा कारखान्यात, अशी स्थिती असते. अशा घरी माशांची टाकी मांडावयाची झाल्यास वाळू, लोखंडाचे तुकडे, रंगीत स्लॅगचे खडे या वस्तू सहज हाती लागण्यासारख्या आहेत. त्या फुकट मिळतात हे खरे, परंतु माशाच्या टाकीत त्यांतील एकही घालू नये. त्याची कारणे व त्याऐवजी काय वापरावे, हे या पाठात सांगितले आहे.

माशाची ओळख

बाजारात ज्यास फायटर म्हणतात तो मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. १९१० साली रीगन या शास्त्रज्ञाने त्यास बेट्टा स्प्लेंडेन्स हे नाव दिले, आणि २०१९ साली थायलंडने त्यास आपला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केले. तो तेथील भातखाचरांत, पाटांत व उथळ डबक्यांत राहतो. अशा साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशास कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचे आणखी एक इंद्रिय असते, व तो वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो.

त्याच्या या स्वभावातून तीन नियम निघतात. पहिला असा की, दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नयेत, कारण ते एकमेकांस फाडून काढतात. दुसरा असा की, पाण्याचा पृष्ठभाग नेहमी मोकळा व स्वच्छ असला पाहिजे. कारखान्यातून आलेल्या हातांस यंत्राचे तेल लागलेले असते. तेच हात टाकीत घातल्यास पाण्यावर तेलाचा तवंग येतो व माशाचा हवा घेण्याचा मार्गच बिघडतो. हात साबणाने धुवावेत, आणि साबणाचा अंशही उरणार नाही असे पुन्हा निव्वळ पाण्याने धुवावेत, कारण साबणही माशास घातक आहे. तिसरा नियम असा की, नराचे पर व शेपटी लांब व रेशमासारखी नाजूक असल्यामुळे धारदार अशी एकही वस्तू आत ठेवू नये.

तळाच्या वाळूचा उपयोग

तळाशी वाळू नसली तरी फायटर जगतो. तथापि वाळूचे फायदे आहेत. माशाची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. वाळूच्या दाण्यांवर जे सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात ते या अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. ही वस्ती नीट बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. शेतातील जमिनीत जसे जीवाणू काम करतात तसेच हे समजावे. टाकी एकदा रुळल्यावर वाळू नळाच्या पाण्याने खळखळून धुतल्यास नळातील क्लोरीनमुळे हे जीवाणू मरतात. म्हणून ती टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच विसळावी.

दाण्याचा आकार २ ते ३ मिलिमीटर असावा. मोठे खडे घातल्यास खाद्य फटींत अडकून कुजते. अगदी बारीक वाळूचा जाड थर घट्ट बसतो, त्यात हवा खेळत नाही व ढवळल्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. मुळांची वनस्पती लावावयाची नसल्यास अडीच सेंटिमीटरचा थर पुरे, लावावयाची असल्यास चार ते पाच सेंटिमीटर असावा.

उदाहरणार्थ, ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद व २५ उंच अशी टाकी घ्यावी. तिच्या तळाचे क्षेत्र १,००० चौरस सेंटिमीटर. अडीच सेंटिमीटर थरास अडीच लिटर, म्हणजे सुमारे ४ किलो वाळू लागेल. तळापासून २० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरल्यास वाळूवरील पाणी साडेसतरा लिटर होईल. वर पाच सेंटिमीटर जागा हवेसाठी राहील. मासा उडी मारतो म्हणून झाकण हवेच, परंतु ते हवा जाऊ देणारे असावे.

फौंड्रीची वाळू का नको

कोणी म्हणेल की, साचे करण्याची वाळू मुळात स्वच्छ सिलिका वाळूच असते, मग ती माशास का चालू नये? मुळातली वाळू निरुपद्रवी असते हे खरे. परंतु साच्यासाठी ती तशीच वापरीत नाहीत. ओल्या वाळूच्या साच्यात बेंटोनाइट माती व कोळशाची भुकटी मिसळतात. दुसऱ्या पद्धतीत दाणे एकमेकांस चिकटावेत म्हणून रेझीन घालतात, व त्यांपैकी काही प्रकारांत फिनॉलसारखी द्रव्ये असतात. या साच्यात सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापलेला रस ओतला की कोळसा व रेझीन जळतात आणि त्यांचे अवशेष दाण्यांवर राहतात. शिवाय धातूचे कणही वाळूत मिसळतात. लोखंडाचे कण गंजून पाणी खराब करतात. जेथे पितळ किंवा काशाचे ओतकाम होते तेथील वाळूत तांबे, जस्त व शिसे येऊ शकतात, आणि हे धातू अत्यल्प प्रमाणातही माशास मारक आहेत.

वाळू धुतल्याने माती व काजळी निघून जाते, दाण्यास चिकटलेला जळका थर मात्र निघत नाही. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्विष झाले असे मुळीच नव्हे. यास्तव वापरलेली फौंड्रीची वाळू कितीही धुतली तरी माशाच्या टाकीत घालू नये. हीच गोष्ट स्लॅगच्या चकचकीत खड्यांची. त्यांच्या कडा काचेप्रमाणे धारदार असतात व त्यांत कोणते क्षार आहेत हे नुसते पाहून कळत नाही.

पुष्कळजण लोहचुंबक फिरवून वाळूची परीक्षा करतात. ही परीक्षा आपल्या भागात अपुरी आहे. सह्याद्रीचा काळा दगड झिजून जी वाळू होते तिच्यात नैसर्गिकरीत्याच चुंबकास चिकटणारे काळे दाणे असतात. म्हणून चुंबकास चिकटलेले कण पांढऱ्या बशीत ओले करून दोन दिवस ठेवावेत. लोखंडाचा कीस असल्यास त्यावर तांबूस गंज धरतो, दगडातील काळे दाणे जसेच्या तसे राहतात. परंतु या परीक्षेने फक्त लोखंड ओळखता येते. रेझीनचा अंश ओळखता येत नाही. म्हणून वाळू कोठून आली हे ठाऊक नसेल तर ती घेऊच नये.

कोणती वाळू व दगड घ्यावेत

माशांच्या दुकानात मिळणारी, रंग न दिलेली, गोलसर दाण्यांची बारीक खडी सर्वांत सोयीची. चार किलोचा खर्च एकदाच करावा लागतो व ती वर्षानुवर्षे टिकते. नदीच्या पात्रातून वाळू स्वतः काढून आणू नये. त्यास परवानगी लागते, आणि वस्त्यांच्या व कारखान्यांच्या खालच्या अंगास पात्रात काय साचले आहे हे सांगता येत नाही. आणलेली खडी बादलीत घेऊन, हाताने घोळून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी. कोरडी वाळू चाळू नये. तिची बारीक धूळ फुप्फुसास अपायकारक आहे, म्हणून आधी ती भिजवावी.

आपला काळा पाषाण पाण्यात सहसा काही सोडीत नाही. परंतु त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे स्फटिक असतात व त्यांतील काही चुन्याचे असतात. अशा जागी लिंबाचा रस पिळावा. बारीक फेस येऊ लागल्यास तो दगड बाजूस ठेवावा. संगमरवराचे तुकडे, शंखशिंपले व पोवळे यांवरही असाच फेस येतो. हे पदार्थ हळूहळू विरघळून पाण्याचा सामू व कठीणपणा वाढवितात. फायटरला साडेसहा ते साडेसात सामू मानवतो. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, सामू एकाने वाढल्यास त्याच पाण्यातील विषारी स्वरूपाचा अमोनिया जवळजवळ दहापट होतो. ज्यांच्या कूपनलिकेचे पाणी आधीच क्षारयुक्त आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दगड निर्जंतुक करण्यासाठी विस्तवात तापवू नयेत, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. त्यांवर उकळते पाणी ओतणे पुरेसे आहे.

सजावटीच्या वस्तू

१. मातीचे भांडे : कुंभाराकडील भाजलेले, रंग व चकाकी न दिलेले लहान मडके आडवे ठेवल्यास माशास उत्तम आसरा होतो. तोंड माशास सहज वळता येईल इतके मोठे असावे. मासा अडकेल अशी अरुंद भोके असलेली वस्तू घेऊ नये.

२. नारळाची करवंटी : तंतू खरवडून, कडा घासून गुळगुळीत करावी. पाणी बदलून दोन-तीन वेळा उकळावी.

३. लाकूड : जुने, वाळलेले, चीक नसलेले असावे. रंग, तेल किंवा वाळवीचे औषध लावलेले लाकूड वर्ज्य.

४. प्लॅस्टरच्या मूर्ती व रंगविलेल्या बाहुल्या : ठेवू नयेत. प्लॅस्टर पाण्यात थोडे थोडे विरते व रंग सुटतो.

५. धातू : नाणी, घुंगरू, तांब्यापितळेच्या वस्तू, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा व तार, कारखान्यातील नटबोल्ट यांपैकी काहीही पाण्यात नसावे.

६. प्लॅस्टिकची झाडे : जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा त्यांवरून ओढून पाहावा. धागा अडकला तर माशाची शेपटीही तेथे फाटेल असे समजावे.

खऱ्या वनस्पती याहून चांगल्या. जावा फर्न व अनुबियास यांस वाळूत पुरावे लागत नाही. त्या दगडास दोऱ्याने बांधल्या की वाढतात. तळ्यातून हायड्रिलासारखी वनस्पती आणल्यास तिच्याबरोबर गोगलगाई, जळवा व चतुरांच्या अळ्या येतात, म्हणून ती दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून निवडून घ्यावी. देशी बदामाची वाळलेली पानेही उपयोगी आहेत. त्यांच्या अर्काने पाणी फिकट चहासारखे होते व सामू किंचित उतरतो. परंतु पाने महामार्गाच्या किंवा फौंड्रीच्या कडेच्या झाडांची घेऊ नयेत, कारण त्यांवर धूळ व काजळी बसलेली असते.

पैदाशीची टाकी वेगळी

विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने पैदाशीच्या टाकीत वाळू मुळीच घालू नये. नर पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो. खाली पडणारी अंडी तो तोंडाने उचलून घरट्यात ठेवतो. तळ मोकळा असल्यास अंडी त्यास सापडतात, खड्यांत पडल्यास ती वाया जातात. पाणी दहा ते पंधरा सेंटिमीटर खोल व सुमारे २८ अंश उष्ण ठेवावे, आणि घरट्यास आधार म्हणून बदामाचे एक पान तरंगत ठेवावे. मादीस लपण्यासाठी आडवे मडके ठेवावे, व अंडी घालून झाल्यावर तिला बाहेर काढावे. अंडी एक ते दोन दिवसांत फुटतात.

प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक बैठकीत करून दाखवावे. चार पांढऱ्या बशा घ्याव्यात. पहिलीत धुतलेली खडी, दुसरीत वापरलेली फौंड्रीची वाळू, तिसरीत संगमरवराचे तुकडे व चौथीत काळा दगड ठेवावा. पहिल्या दोन बशांत पाणी घालून त्यांचा रंग व वास दाखवावा, नंतर उरलेल्या दोहोंवर लिंबू पिळावे. दुसऱ्या बशीतील पाणी अनेकदा बदलून नितळ झाल्यावरही ते माशास का चालत नाही, हे समजावून सांगावे. या प्रात्यक्षिकातील मुख्य शिकवण तीच आहे.

कोणतीही नवी वस्तू टाकीत घालण्यापूर्वी बादलीभर पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवावी. पाण्यास रंग, वास, तवंग किंवा गंज आल्यास, अथवा सामूच्या कागदावर फरक दिसल्यास ती वस्तू टाकून द्यावी. वस्तू घातल्यावर मासा पर मिटून तळाशी पडू लागला किंवा नेहमीपेक्षा फार वेळा वर येऊन तडफडू लागला, तर प्रथम मासा स्वच्छ, क्लोरीन गेलेल्या व तितक्याच उष्ण पाण्यात हलवावा आणि मग दोष शोधावा.

थोडक्यात, वाळू घ्यावयाची ती माहितीच्या ठिकाणची, दगड घ्यावयाचा तो लिंबाने न फेसाळणारा, आणि सजावट घ्यावयाची ती बिनरंगाची, बिनधातूची व बिनधारेची. जो शेतकरी मासे विकील त्याने प्रत्येक गिऱ्हाइकास हे तीन नियम माशाबरोबर सांगावेत. मासा घरी नेल्यावर आठ दिवसांत मेला तर गिऱ्हाईक दोष विकणाऱ्यास देते, व पुन्हा त्या दारी येत नाही.