दोन बळांचा दगड

दगड म्हटला की तो सर्व बाजूंनी सारखाच कठीण असावयाचा, असा सामान्य समज आहे. कायनाइट नावाचे खनिज या समजाला अपवाद आहे. त्याचा स्फटिक निळसर, लांबट व चपटा, एखाद्या पट्टीसारखा असतो. त्यावर लांबीच्या दिशेने पोलादी चाकूचे टोक ओढले तर स्पष्ट चरा उमटतो. तेच टोक आडवे ओढले तर मात्र चरा उमटत नाही. चाकू तोच, दगडही तोच. केवळ दिशा बदलली म्हणून दगडाचा स्वभाव बदलावा, हे नवलच होय.

खनिजांची कठिनता सांगण्यासाठी शास्त्रज्ञ एक श्रेणी वापरतात. तीत मऊ संगजिऱ्यास १ व हिऱ्यास १० हा क्रमांक दिलेला आहे. या श्रेणीत कायनाइटची कठिनता लांबीच्या दिशेने ४.५ ते ५, तर आडव्या दिशेने ६.५ ते ७ भरते. याचे कारण त्याच्या अंतरंगात आहे. स्फटिकातील अणू साखळ्यांसारखे लांबीच्या दिशेने रचलेले असतात. साखळ्यांना समांतर चरा पाडणे सोपे. त्या आडव्या छेदणे अवघड. या गुणामुळेच फ्रान्समधील स्फटिकशास्त्रज्ञ आउई यांनी १८०१ साली या खनिजाला ‘दोन बळांचे’ अशा अर्थाचे नाव दिले. त्यापूर्वी १७८९ साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ व्हेर्नर यांनी त्याच्या रंगावरून, गडद निळा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून, ‘कायनाइट’ हे नाव योजिले होते. पुढे तेच रूढ झाले. सर्वच कायनाइट निळे असते असे मात्र नाही. ते पांढरे, राखी किंवा हिरवटही असते. पाण्याच्या मानाने ते सुमारे साडेतीन पट जड आहे.

कायनाइट हे सिलिकेट वर्गातील खनिज असून त्यात अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन ही मूलद्रव्ये असतात. त्याचा जन्म चिखलातून होतो, असे म्हटल्यास कोणाला खरे वाटणार नाही. समुद्राच्या तळाशी साचलेल्या बारीक गाळाचे प्रथम मृदू खडक बनतात. भूकवचाच्या हालचालींमुळे असे खडक कित्येक किलोमीटर खोल गाडले जातात. तेथील प्रचंड दाब व उष्णता यांमुळे ते न वितळताच त्यांतील जुनी खनिजे मोडून नवी घडतात. अशा खडकांना रूपांतरित खडक म्हणतात. कायनाइट याच खडकांत आढळते.

या खनिजाला दोन भावंडे आहेत. एक अँडालुसाइट व दुसरे सिलिमनाइट. तिन्ही खनिजांतील मूलद्रव्ये तीच व त्यांचे प्रमाणही तेच. भेद आहे तो फक्त अणूंच्या मांडणीत. दाब कमी असेल तर अँडालुसाइट बनते. उष्णता फार वाढली तर सिलिमनाइट. आणि उष्णतेच्या मानाने दाब अधिक असेल तर कायनाइट. म्हणून डोंगरावर कायनाइट दिसले की भूवैज्ञानिक ओळखतो, हा खडक एके काळी जमिनीखाली फार खोल होता. त्यावरील खडकांचे थर लक्षावधी वर्षांच्या ऊन, वारा व पावसाने झिजून गेले, तेव्हा कोठे तो उघडा पडला.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाने व्यापलेला आहे. त्या खडकात कायनाइट सापडत नाही. परंतु पूर्व विदर्भात त्याहून कितीतरी प्राचीन रूपांतरित खडक आहेत. भंडारा जिल्ह्यात दहेगावच्या परिसरात कायनाइट व सिलिमनाइट या दोहोंचे साठे आहेत. झारखंडातील लप्साबुरू येथील कायनाइट तर जगप्रसिद्ध होते. ‘बुरू’ म्हणजे तेथील आदिवासींच्या भाषेत डोंगर.

कायनाइटचे खरे मोल भट्टीत कळते. लोखंड व काच वितळविणाऱ्या भट्ट्यांना आतून ज्या विटा लावतात, त्या स्वतः वितळल्या किंवा तडकल्या तर भट्टी फुटून कामगारांच्या जिवावर बेतते. कायनाइट सुमारे १,३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याचे म्युलाइट नावाच्या पदार्थात रूपांतर होते. म्युलाइट १,८०० अंशांच्या आसपास उष्णता होईपर्यंत वितळत नाही. हा बदल होताना कायनाइट फुगते. त्याचे आकारमान १०० असल्यास ते ११६ ते ११८ होते. कच्चे कायनाइट तसेच विटेत घातले तर वीट फुटेल. म्हणून ते आधी भाजून घेतात, अथवा भाजताना आकसणाऱ्या मातीत बेताने मिसळतात. एकाचे फुगणे व दुसऱ्याचे आकसणे यांचा मेळ बसला की वीट सुबक राहते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशांतील भट्ट्यांना लागणारे उत्तम कायनाइट मुख्यतः भारतातून जात असे. लप्साबुरूचे मोठमोठे धोंडे बोटींत भरून रवाना होत. उपसा चालू राहिला, तसतसा वरच्या थरांतील उत्कृष्ट दगड कमी होत गेला. परदेशांनी इतर खनिजांपासून कृत्रिम म्युलाइट तयार केले; अमेरिकेने आपल्या व्हर्जिनिया राज्यातील कायनाइट काढण्यास आरंभ केला. परंतु जो दगड येथून गेला, तो परत येणार नव्हता.

शेतातले पीक कापले तर पुढल्या वर्षी पुन्हा येते. खाणीचे तसे नाही. तिला एकच हंगाम असतो. म्हणून कमी प्रतीचा दगड टाकून न देता तो दळून शुद्ध करणे आणि भट्टीतील जुन्या विटाही भरडून नव्या विटांत वापरणे, हीच या धनाची खरी राखण होय.

स्वाध्याय

१. कायनाइटला ‘दोन बळांचे’ खनिज का म्हटले गेले?
२. डोंगरावर कायनाइट आढळल्यास भूवैज्ञानिक कोणता निष्कर्ष काढतो? का?
३. कच्चे कायनाइट तसेच विटेत का घालत नाहीत?
४. ‘खाणीला एकच हंगाम असतो’, या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.