हातफेकीचे ग्लायडर आणि दुखरा खांदा

प्रश्न : रेडिओ-नियंत्रित लहान ग्लायडर मी भाल्याप्रमाणे डोक्यावरून जोराने फेकतो, तरी ते फारसे चढत नाही, खांदा मात्र दुखतो. माझे बळच कमी पडते काय?
एक वाचक, रामनगर (ता. जोयडा)

उत्तर : बळाची उणीव हे कारण आपण मनातून काढून टाकावे, कारण ग्लायडरला लाभणारी उंची, हवेचा रोध वजा जाता, हातातून सुटतेवेळच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि भालाफेकीत तो वेग मुख्यतः बाहूतून येतो, तर थाळीफेकीच्या पद्धतीत पंखाच्या टोकाची खुंटी (उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या पंखाची) बोटांत धरल्याने सबंध देहाची गिरकी कामी येते. मात्र ज्या ग्लायडरला अशी खुंटी व बळकट शेपटी नाही, ते असे फेकू नये. ते वाऱ्यासमोर, पंख समतल राखून, सौम्यपणे सोडणेच श्रेयस्कर. खांद्यास आधी विश्रांती द्यावी, दुखणे न हटल्यास वैद्यांस दाखवावे, आणि मग मोकळ्या माळावर, आसपास कोणी नसताना, गिरकीचा सराव क्रमाक्रमाने वाढवावा. आपल्या तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात मोडत असल्यामुळे जंगलालगत उडविण्यापूर्वी वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी. धीर सोडू नये. ही कला बळापेक्षा तोलाने साधते.